आनी डिफ्रँको : कंपन्यांना नाही म्हणणारी बाई (आणि बेळगावात बसून हे जमेल काय?)

उद्यमबाग_अनप्लग्ड

इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणारे, म्हटलं की आपल्याकडं लगेच रीलवर व्हायरल झालेली चार पोरं आठवतात, पण जिनं हे सगळं घरोघरी इंटरनेट यायच्या आधीच करून ठेवलंय त्या बाईवर मराठीत फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

आनी डिफ्रँको, अमेरिकेतली गायिका, स्वतःच गाणी लिहिणारी. जन्म १९७० चा, गाव बफेलो. न्यूयॉर्क राज्यातलंच पण न्यूयॉर्क शहरापासनं लांब, पार कॅनडाच्या हद्दीवर, नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडं दुसरा देश. शेजारी लॅकवाना म्हणून गाव आहे, तिथला पोलादाचा अवाढव्य कारखाना ऐंशीच्या दशकात बंद पडला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, ही पोर तेव्हा तिथंच वाढत होती. हद्दीवरचं, कारखान्यांच्या धुरातलं, राजधानीला ज्याची फार फिकीर नाही असं शहर. ओळखीचं वाटतंय न्हवं?

नवव्या वर्षी गिटार हातात आली. मायकेल मेल्ड्रम म्हणून तिथलाच एक गायक होता, त्याच्याबरोबर बारमध्ये बीटल्सची गाणी म्हणायला लागली. पंधराव्या वर्षी कायद्यानं आईवडिलांपासनं वेगळी होऊन स्वतःच्या जिवावर राहिली. १९९० ला पहिली कॅसेट, पाचशे प्रती, कार्यक्रम संपला की स्वतःच विकायच्या. पुढं गाडी घेऊन कॉलेजं, कॉफी हाउस, लहान हॉल असं गावोगाव फिरली आणि नाव झाल्यावर मोठ्या कंपन्या मागं लागल्या तेव्हा सरळ नाही म्हणाली. स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, रायचस बेब रेकॉर्ड्स, ते आजही चालू आहे, २०२४ चा अल्बम पण तिथनंच आला.

आता माझा मुद्दा. लोक तिची स्टाईल एकीकडं आणि करिअर दुसरीकडं ठेवून बोलतात ते मला पटत नाही. एकटी पोरगी, एक अकॉस्टिक गिटार, समोर बिअर पिऊन गप्पा हाणणारी माणसं, मागं ड्रमर नाही बास नाही कारण त्यांना द्यायला पैसे नाहीत. मग तिनं सगळा वाद्यवृंद उजव्या हातात आणला. अंगठा खालच्या सुराच्या जाड तारा दणकवतो, बोटं बारीक तारा ओरबाडून काढतात, मधेच तारा दाबून ठप्प, आणि ती ठप्प शांतता पण ठेक्यात. एवढ्या जोरात वाजवून नखं राहणार कुठली, म्हणून कृत्रिम नखं चिकटवून त्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळते. तारा पण नेहमीच्या सुरात नाहीत, गाण्यागणिक वेगळं ट्युनिंग. कंपनीनं पहिल्या दिवशीच स्टुडिओ आणि पैसे घेऊन साथ करणारे वादक दिले असते तर हा हात तयार झालाच नसता असं माझं ठाम मत आहे. बोला.

खानापूरची_लेक

दादा भारी धागा!! मी हिची दोनच गाणी ऐकलीत, एका मैत्रिणीनं पाठवलेली, आणि मला गिटारपेक्षा तिचा आवाजच जास्त आवडला. एका ओळीत कानात कुजबुजते, पुढच्या ओळीत ओरडते, मधेच हसते पण, आणि श्वास घेतलेला ऐकू येतो तो काढून टाकलेला नाही. आम्हाला क्लासमध्ये श्वास लपवायला शिकवतात.

मी पण लिहिते आणि चाली लावते, मराठीत, मधे मधे कन्नड येतं कारण बोलताना येतंच. घरी सांगितलं की म्हणतात आधी परीक्षा दे सगळ्या मग बघू. खरा प्रश्न हा की इथं राहून काही होतं काय, की पुण्याला जावं? आणि हिचं ऐकायला सुरू कुठनं करू?

शहापूर_साउंड_सर्विस

लेक, मी गाणारा नाही, मी साउंडवाला. गणपती, शिवजयंती, लग्नं, नाट्यगीतांचे कार्यक्रम, सगळीकडं माझे स्पीकर असतात त्यामुळं स्टेजच्या मागनं सगळं दिसतं. खरं सांगू काय, आपल्या इथं पब्लिकला ओळखीचं गाणं पाहिजे. एका मंडळात एक पोरगं स्वतःची गाणी घेऊन आलं, पहिलं झालं, लोक शांत, दुसरं सुरू होईतोवर मागनं चिठ्ठी आली की ते अमुक पिक्चरचं म्हण. त्यानं म्हटलं पण. टाळ्या त्यालाच पडल्या. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पण अनप्लग्डनं जे उजव्या हाताचं लिहिलंय ते साउंडच्या बाजूनं एकदम बरोबर आहे. अकॉस्टिक गिटारला साधा माइक लावला आणि हॉल मोठा असला की मॉनिटर शिट्टी मारतो. पिकअप, म्हणजे गिटारीलाच बसवलेलं आवाज पकडणारं यंत्र, लावलेली गिटार असेल तर ब्रिजवर पडलेली प्रत्येक थाप सरळ स्पीकरात येते, आणि जाड तार अजून खाली उतरवली असेल तर सबवूफर हलतो, लोकांना छातीत जाणवतं. म्हणजे एक माणूस पण ऐकायला तीन माणसं. आमच्याकडची पोरं गिटार घेऊन येतात आणि नुसतं खालीवर खालीवर झाडू मारतात, मग शंभर माणसांत ती ऐकूच येत नाही आणि शिव्या साउंडवाल्याला.

एकतारी

मी जरा म्हातारा माणूस आहे, इंग्रजी गाणी फार कळत नाहीत, पण वरचं वर्णन वाचून यूट्यूबवर जाऊन बघितली. बाईचा हात बघितला आणि मला सौंदत्तीचा डोंगर आठवला.

चौंडकं बघितलंय काय तुम्ही पोरांनी कधी नीट? लाकडी नळकांडं, खालच्या तोंडाला चामडं, चामड्याच्या मधनं एक तार निघते ती वर दांडीच्या खुंटीला. डाव्या हातानं ताण कमीजास्त करायचा की सूर वरखाली होतो, उजव्या हातानं तार छेडायची. त्या एका तारेतच सूर पण आणि ताल पण. यल्लम्माच्या जोगत्या त्यावर गातात, कन्नडात गातात, आपल्या बाजूच्या मराठीत गातात, यात्रेत लाख माणसांचा कालवा चालू असतो आणि त्यात एक बाई आपलं गाणं शेवटपर्यंत नेते. कुणी माइक दिला नाही त्यांना. गर्दी आणि एकटेपणा दोन्ही असलं की हात असाच होतो, मग बफेलो असो नाहीतर सौंदत्ती. म्हणून अनप्लग्डचं म्हणणं मला मान्य, फक्त हे अमेरिकेत सुरू झालं असं कुणी म्हणू नये.

लेक, श्वासाचं म्हणतेस तर कुमार गंधर्वांचं ऐक. सुळेभावीत जन्म, १९२४ चा, आपल्यापासनं किती लांब आहे सुळेभावी? लहानपणीच मुंबईला देवधर मास्तरांकडं गेले, पुढं क्षयानं फुप्फुस गेलं आणि देवासला अंथरुणावर पडून असताना माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडली. परत गायला लागले ते छोट्या छोट्या तुकड्यांत, मधली जागा मोकळी सोडून. लोकांनी नावं ठेवली. स्वतःच्या बंदिशी केल्या, १९६५ ला त्यांचं पुस्तक काढलं, ऋतूंवर कार्यक्रम बसवले ते स्वतःच्या मनानं. त्यांना इंडी म्हणायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

टिळकवाडी_वकील

कुमारांवर वेगळा धागा काढा राव, इथं सुरू झालं की रात्र जाते.

मी पैशाचं बोलतो कारण ते कुणी बोलत नाही. कंपनी ॲडव्हान्स देते तेव्हा पोरांना वाटतं पैसे मिळाले. ते पैसे तुमच्याच रॉयल्टीतनं वळते होतात. आधी रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओचा खर्च, कधी कधी जाहिरातीचा पण, ते सगळं फिटलं की मग तुमचा वाटा, तो पण थोडा. आणि सगळं फिटल्यावर सुद्धा मास्टर रेकॉर्डिंग, म्हणजे गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण, कंपनीचंच. घराचं कर्ज फेडलं आणि घर बँकेच्याच नावावर राहिलं, असा प्रकार. डिफ्रँकोनं जे केलं त्यात सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही की मास्टर तिच्याकडं राहिली. विकल्या कमी, पण प्रत्येक प्रतीमागं हातात येणारा पैसा बड्या बड्या स्टारपेक्षा जास्त.

इथल्या पोरांसाठी, लेक तुझ्यासाठी पण : गाणं आणि त्याचं रेकॉर्डिंग ह्या कायद्यानं दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्द आणि चाल ही एक, रेकॉर्ड केलेला आवाज ही दुसरी. २०१२ ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी गीतकार-संगीतकार एकदा सही करून मोकळे व्हायचे, आता त्यांचा रॉयल्टीतला वाटा सही करून सुद्धा काढून घेता येत नाही. पण तो मिळायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं आणि गाणी नोंदवावी लागतात, घरबसल्या कुणी आणून देत नाही. स्वतः रेकॉर्ड करून डिस्ट्रिब्यूटरमार्फत स्पॉटिफायला टाकलंस तर मास्टर तुझीच. कुणी "आम्ही प्रमोट करतो, इथं सही कर" म्हणाला तर आधी कागद मला दाखव, फी घेणार नाही, आपल्या बेळगावचा गोड कुंदा चालेल.

डॉ_कुंदा

वकीलसाहेब माझं नाव घेऊन फी ठरवूलास काय 😄

पैशाचा मुद्दा बरोबर आहे पण त्यातच एक गंमत आहे बघा. नव्वदच्या शेवटी शेवटी मिझ म्हणून तिथलं स्त्रीवादी मासिक आहे, त्यांनी हिचा गौरव केला आणि तो करताना प्रत्येक अल्बममागं तिला मिळणारे डॉलर मोजून दाखवले, अमुक स्टारपेक्षा जास्त वगैरे. तर ही बाई खूश व्हायची सोडून तिनं त्यांना खुलं पत्र लिहिलं. सूर असा की मी धंदा करायला धंदा केला नाही, मला गाणी करणारी म्हणून ओळखा, कमावणारी बाई म्हणून नको. मला ते पत्र तिच्या अर्ध्या गाण्यांपेक्षा आवडतं. आपण पण ह्या धाग्यात तेच करूलोय, सगळे लेबल लेबल, गाण्यांबद्दल कोण बोलणार?

म्हणून गाण्यांबद्दल. लेक, तू लिव्हिंग इन क्लिप पासनं सुरू कर, १९९७ चा, लाइव्ह, दोन सीडींचा होता. स्टुडिओतली तिची सुरुवातीची रेकॉर्डिंगं मला जरा कोरडी वाटतात, लाइव्हमध्ये मात्र लोक, हशा, गाण्याआधीची बडबड, अँडी स्टोचान्स्कीचे ड्रम, सगळं जिवंत. मग मागं जाऊन नॉट अ प्रिटी गर्ल आणि डायलेट ऐक. डायलेटमध्ये राग आहे, प्रेमातला, एकाच माणसावरचा, आणि ती तो गोड करत नाही. आपल्या भावगीतात विरहिणी चांदण्यात झुरते, ही चिडते, शिव्या घालते, मग स्वतःवरच हसते.

नंतर ब्रास वगैरे घेऊन जॅझ-फंककडं गेली तिथं माझा थोडा इंटरेस्ट कमी झाला, काही लोकांना तोच काळ आवडतो. १९९९ च्या अल्बमात तर प्रिन्स गायलाय, त्याच वर्षी ही त्याच्या अल्बमात वाजवून आली. आणि यूटा फिलिप्सबरोबरचं काम सोडू नका कुणी, म्हातारा कामगार चळवळीतला गोष्टी सांगणारा माणूस, त्याच्या रेकॉर्ड केलेल्या गोष्टी घेऊन हिनं त्याखाली संगीत घातलं. शाहिरी आणि कीर्तन ऐकून वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

हाताचं कौतुक करताना हे पण लक्षात ठेवा की त्याच हातानं तिला २००५ ला घरी बसवलं. मनगटातले स्नायूबंध सुजले, टेंडिनायटिस, कार्यक्रम थांबवावे लागले. रोज रोज तसं वाजवून शरीर बिल पाठवतंच. पेशंट म्हणून दोन तबलजी येतात माझ्याकडं, दोघांना सांगून थकलो.

निपाणी_नाका

सगळे आरत्या ओवाळूलेत म्हणून एक कडू गोष्ट टाकतो. २०१३ च्या डिसेंबरात तिनं गाणी लिहिणाऱ्यांचं एक शिबिर जाहीर केलं, जागा कुठली तर लुइझियानातला नॉटोवे प्लँटेशन. म्हणजे जिथं गुलाम राबवले तो वाडा, तेव्हा त्याचं रिसॉर्ट केलेलं होतं. काळ्या बायकांनी जाब विचारला, आयुष्यभर न्यायाची गाणी म्हणणारी तू आणि शिबिर तिथं? तिनं शिबिर रद्द केलं पण पहिल्या निवेदनात माफीपेक्षा सफाईच जास्त होती, त्यावर लोक अजून भडकले, मग दुसऱ्यांदा नीट माफी मागितली.

मला विचाराल तर ह्यात लेबलचा पण संबंध आहे. स्वतःच मालक असलं की "अगं हे नको करू" म्हणणारा माणूस जवळ राहत नाही. स्वतंत्र असण्याचा हा तोटा कुणी सांगत नाही.

उद्यमबाग_अनप्लग्ड

निपाणी, गोष्ट खरी आहे आणि लिहिलंस ते बरं केलंस. पण मालक असल्यामुळं झालं हे नाही पटलं, कंपन्यांच्या कलाकारांनी ह्याहून वाईट केलंय आणि त्यांच्या मागं तर पगारी माणसांची फौज होती. फरक एवढाच की तिथं शिव्या पीआरवाला खातो, इथं तिलाच खाव्या लागल्या, आणि ते बरोबरच झालं.

आता लेकच्या पुण्याच्या प्रश्नावर, कारण मूळ मुद्दा तोच आहे. ही बाई तरुणपणी न्यूयॉर्क शहरात गेली होती, तिथं न्यू स्कूलमध्ये सेकू सुंदियाटा नावाच्या कवीकडं कविता शिकली, आणि तिच्या बोलल्यासारख्या म्हणायच्या कविता आहेत त्यांचं मूळ तिथं आहे. म्हणजे गेली, शिकली. पण लेबलचं ऑफिस ठेवलं बफेलोत. छपाई, प्रती काढणं अशी कामं तिथल्याच लोकांना दिली. पुढं शहरातलं एक जुनं दगडी चर्च पाडायला निघाले होते ते तिनं आणि तिच्या मॅनेजरनं मिळून वाचवलं, दुरुस्त केलं, आता तिथं कार्यक्रमाचा हॉल आहे आणि लेबलचं ऑफिस पण. स्वतः राहायला न्यू ऑर्लिन्सला गेली तरी हे बफेलोतच.

आपण काय करतो? शिकायला पुण्याला जातो आणि पत्ता पण पुण्याचाच करून टाकतो. मग बायोमध्ये "पुणेस्थित".

शहापूर_साउंड_सर्विस

चर्च घ्यायला पैसे पाहिजेत मालक. इथं हॉलचं भाडं, जनरेटर, पोलीस परवानगी धरली की तिकिटातनं चहाचे पण सुटत नाहीत. आणि मराठी कार्यक्रम म्हटलं की परवानगीला चार हेलपाटे जास्त, ते पण लिहून ठेव.

पण एक आहे. पन्नास माणसांचं बसून ऐकायचं असेल, कुणाच्या गच्चीवर, वाचनालयाच्या खोलीत, तर माझे दोन छोटे स्पीकर आणि एक मिक्सर रिकामेच असतात आठवड्यातनं मधल्या वारी. भाडं नको. अट एकच, चिठ्ठी घेऊन फर्माइश आली तर गाणारानं म्हणायची नाही.

एकतारी

ह्याला म्हणतात माणूस. वाचनालयात विचारायचं काम माझ्याकडं.

आणि भाषेचं : लेक म्हणाली मधे मधे कन्नड येतं. येऊ दे. कन्नड संतकवी शरीफसाहेबांची पदं बेंगळुरातल्या बँडांनी गिटारवर घेतली, आपली पोरं ती अर्थ पुरा न कळता सुद्धा म्हणतात. संत शिशुनाळ शरीफ १८८९ ला गेले, अजून गाजताहेत. पुस्तकातली प्रमाण मराठी आणून गाणं लिहू नको एवढंच सांगतो, त्यात तुझा श्वास बसायचा नाही. तू घरी बोलतेस तसं लिही.

टिळकवाडी_वकील

इथं मी थोडा वेगळा. बोलीत लिहिलं की पुण्या-मुंबईचे हसतात, विनोदी रील समजतात. बेळगावी मराठी म्हणजे त्यांना कॉमेडी. गंभीर गाणं बोलीत पोचेल काय ही शंका आहे मला.

डॉ_कुंदा

हसू देत की. बफेलोच्या बारमध्ये पहिल्या दिवशी काय शांत बसून ऐकली असतील तिला? लेक, एखादं कडवं टाक की इथं, नुसतं काय बोलूलोय आम्ही.

खानापूरची_लेक

बापरे सगळे एवढं लिहूलासा आणि आता मलाच पुढं ढकलूलासा 🙈 बरं टाकते. चाल संथ आहे, डाव्या हातात एकच कॉर्ड धरून ठेवते आणि अंगठ्यानं जाड तार, बसच्या इंजिनासारखी. श्वास काढलेले नाहीत.

शेवटची बस सुटली नंदगडची
खिडकीत आजी, मांडीवर करडू
कंडक्टर विचारूलाय कन्नडात
आजी सांगूलीय मराठीत
दोघांचं भांडण सगळ्या बसला कळूलंय
तिकीट तेवढं बरोबर फाटूलंय

एकतारी

चौथ्या ओळीनंतर थांब थोडी. लगेच पाचवी घेऊ नको, तिथं एक आवर्तन नुसती तार वाजू दे.

निपाणी_नाका

छान आहे पण फॅक्ट चेक. २०२३ पासनं कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट, आजीचं झिरो तिकीट. मग भांडण कसलं आणि फाटूलंय काय?

खानापूरची_लेक

आजीचं झिरोच आहे ओ. करडाचं फाडलंय.